मालवणी खाणावळीच्या भिंतीवरचे हॉफेनहाइम

मालवणहून कोळंबचा पूल ओलांडून आचऱ्याच्या दिशेने निघाले की डाव्या हाताला माडांच्या बागेत एक खाणावळ लागते. पाटीवर ‘घरगुती जेवण’ एवढेच लिहिलेले असल्यामुळे, आतल्या भिंतीवर जर्मनीतील हॉफेनहाइम या खेड्याच्या फुटबॉल क्लबचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मांडलेला असेल याची बाहेरून कोणालाही कल्पना येत नाही. मासे चांगले मिळतात म्हणून या खाणावळीची शिफारस करणारे पुष्कळ आहेत आणि ती शिफारस रास्तच आहे. मात्र माझ्या मते येथे मुद्दाम वाट वाकडी करून जावे ते त्या भिंतीसाठी, आणि म्हणून या अभिप्रायात जेवणाविषयी थोडे व भिंतीविषयी अधिक लिहीत आहे.

जेवणाचे आधी सांगते. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले ही येथली खासियत आहे; रस दाट, आंबटपणा कोकमाचा, आणि तिखट असूनही जिभेवर माशाची चव शिल्लक राहते. सुरमई रव्यात घोळवून तव्यावर परतलेली असते आणि काट्यापर्यंत शिजलेली असूनही कोरडी पडत नाही. सोलकढीसाठी नारळाचे दूध रोज काढतात, हे पहिल्या घोटातच कळते. मासे न खाणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी आहे. बांगडा थाळी २०० रुपयांना आणि सुरमई थाळी ४०० रुपयांना मिळते; मालवण शहरातील दर पाहता हे वाजवी आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कोंबडी-वडे आणि सुक्या माशांवर भागवावे लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत जर्मनीतील फुटबॉलचा हंगामही थांबलेला असतो, त्यामुळे पावसाळ्यात येथे जाऊन दोन्हींपैकी काहीच पुरते पदरात पडत नाही.

स्वयंपाकघर आणि मागची पडवी यांना जोडणाऱ्या लांब भिंतीवर हा इतिहास लावला आहे. छापील फ्लेक्स कोठेही नाही. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली छायाचित्रे, सामन्यांची जुनी तिकिटे, हाताने रंगवलेला एक नकाशा आणि प्रत्येक फलकाखाली काळ्या शाईने वळणदार अक्षरात लिहिलेला मराठी मजकूर, असे त्याचे स्वरूप आहे. खाणावळीच्या मालकांची कन्या जर्मनीतील वाल्डॉर्फ येथे संगणक क्षेत्रात नोकरी करते. हॉफेनहाइम तेथून जवळ असल्याने ती सामने पाहू लागली आणि दर गणपतीला गावी येताना भिंतीसाठी काहीतरी घेऊन येऊ लागली. मजकूर तिचा आणि अक्षर तिच्या वडिलांचे, अशी ही वाटणी आहे.

नकाशावर गाव नीट दाखवले आहे. नैर्ऋत्य जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, क्राइखगाऊ नावाच्या टेकड्यांच्या प्रदेशात, एल्झेन्त्स नदीकाठी हॉफेनहाइम वसले आहे. वस्ती सुमारे ३,३०० आणि कारभाराच्या दृष्टीने ते झिन्सहाइम या नगराचा भाग आहे. बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची सर्वोच्च साखळी स्पर्धा, एरवी म्युनिक, डॉर्टमुंड, हांबुर्ग अशा मोठ्या शहरांची मानली जाते. त्या यादीत एवढ्याशा गावाचे नाव कसे आले, हा प्रश्न नकाशा पाहताच मनात येतो आणि पुढचे सगळे फलक त्या प्रश्नाचा पाठपुरावा करतात. रचना म्हणून हे उत्तम साधले आहे.

पहिल्याच फलकात मात्र एक दुरुस्ती हवी. त्यावर ‘१८९९ : फुटबॉल क्लबची स्थापना’ असे ठळक लिहिले आहे. १ जुलै १८९९ रोजी स्थापन झाली ती जिम्नॅस्टिक्सची संस्था होती. गावातील फुटबॉलची संस्था १९२१ मध्ये वेगळी निघाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये या दोहोंचे एकत्रीकरण होऊन आजची टीएसजी हॉफेनहाइम जन्माला आली. क्लब आपल्या नावात १८९९ हा आकडा अभिमानाने मिरवतो, त्यामुळे हा गैरसमज सहज होण्यासारखा आहे. तरीही दुरुस्ती आवश्यक आहे, कारण जर्मनीतील असंख्य लहान क्लब असेच व्यायाम आणि कवायतीच्या संस्थांतून वाढलेले आहेत, आणि सभासदांची वर्गणी, सभासदांची सभा व सभासदांचे मत यांवर चालणारा त्यांचा कारभार त्याच मुळातून आलेला आहे. पुढे जो वाद उभा राहिला तो या पायाशिवाय समजत नाही.

१९४५ पासून १९९० पर्यंतचा काळ भिंतीने दोनच छायाचित्रांत संपवला आहे आणि ते योग्य आहे. या अवधीत हॉफेनहाइम हा आजूबाजूच्या गावांशी खेळणारा हौशी संघ होता. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला तो जर्मन फुटबॉलच्या उतरंडीत आठव्या श्रेणीत होता, म्हणजे बुंडेसलिगापर्यंत पोहोचायला सात पायऱ्या चढायच्या होत्या.

त्यानंतरचा फलक सर्वांत मोठा आहे आणि त्याच्यासमोर थांबल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. तो डीटमार हॉप यांच्याविषयी आहे. १९४० मध्ये हायडेलबर्ग येथे जन्मलेले हॉप हॉफेनहाइममध्ये वाढले आणि तरुणपणी गावाच्या संघातून खेळले. आयबीएममधील नोकरी सोडून १९७२ मध्ये त्यांनी चार सहकाऱ्यांसह एसएपी ही संगणकीय आज्ञावली तयार करणारी कंपनी काढली, जिचे मुख्यालय आज वाल्डॉर्फला आहे आणि जिची प्रणाली आपल्याकडच्या मोठमोठ्या कारखान्यांतही वापरली जाते. अपार पैसा मिळवल्यानंतर १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या जुन्या क्लबला मदत करायला सुरुवात केली. १९९९ मध्ये गावात ६,३५० प्रेक्षक मावतील असे मैदान उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. गावच्या लोकसंख्येच्या जवळजवळ दुप्पट माणसे बसतील एवढे ते मैदान आहे, हे मजकुरात आवर्जून सांगितले आहे.

कोकणात हा फलक वाचणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. मुंबईत कमावलेल्या पैशातून गावच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारे, शाळेला खोली बांधून देणारे, पाखाडी घालून देणारे चाकरमानी प्रत्येक गावाने पाहिलेले आहेत, आणि संगमरवरी फरशीवर कोरलेली देणगीदारांची नावे वाचतच आपण लहानाचे मोठे झालो. त्याचबरोबर देणगीदाराचा मान किती आणि बैठकीत त्याचा शब्द कितीसा चालावा, यावरून बारा-पाचाच्या मानकऱ्यांत आणि मुंबईच्या मंडळात झडलेले वादही आपण ऐकलेले आहेत. मी गेले तेव्हा या फलकाखालच्या बाकावर दोन वृद्ध गृहस्थ ताटाची वाट पाहत बसले होते. “तेणां दिल्यान ता गावाकच दिल्यान मां?” असे एकाने म्हटले. दुसऱ्याने मान हलवली आणि उत्तर दिले, “दिल्यान ता बरा केल्यान, पण बैठकीत शब्द तेचोच चलाक होयो, ह्या खयचा?” जर्मनीत गेली अनेक वर्षे जो वाद चालला आहे तो नेमका याच दोन वाक्यांत मावतो.

तो वाद पुढच्या दोन फलकांत नेटकेपणाने मांडला आहे. १९९८ पासून जर्मन क्लबांना आपला व्यावसायिक फुटबॉल विभाग स्वतंत्र कंपनीच्या रूपाने चालवण्याची मुभा मिळाली, परंतु त्या कंपनीतील निम्म्याहून किमान एक मत अधिक मूळ क्लबच्या, म्हणजे पर्यायाने सभासदांच्या, हाती राहिले पाहिजे अशी अट घालण्यात आली. या अटीला पन्नास अधिक एकचा नियम म्हणतात. एखाद्याने वीस वर्षांहून अधिक काळ अखंडपणे क्लबला भरीव साहाय्य केले असेल तर त्याच्यासाठी अपवाद करण्याची तरतूद होती. त्याच तरतुदीखाली २०१५ मध्ये हॉप यांच्या हाती बहुसंख्य मते आली. इतर क्लबांच्या चाहत्यांचा राग मात्र त्याच्याही आधीपासून धुमसत होता. पैसा असला की कोणतेही गाव रातोरात मोठे करता येते, तर पिढ्यानपिढ्या वर्गणी भरणाऱ्या सभासदाला अर्थ काय उरला, असा त्यांचा सवाल होता आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. तो मांडण्याची पद्धत मात्र कित्येकदा अश्लाघ्य होती. २९ फेब्रुवारी २०२० रोजी बायर्न म्युनिकचा संघ हॉफेनहाइमविरुद्ध ६-० असा पुढे असताना बायर्नच्याच समर्थकांनी हॉप यांना शिवीगाळ करणारे फलक फडकावले. सामना थांबवावा लागला, आणि तो पुन्हा सुरू झाल्यावर दोन्ही संघांचे खेळाडू उरलेला वेळ एकमेकांकडे नुसता चेंडू ढकलत राहिले. पुढे २०२३ मध्ये हॉप यांनी मतांचे हे बहुमत मूळ क्लबकडे परत देत असल्याचे जाहीर केले. या सर्व घटना भिंतीवर आहेत. मुलगी त्या क्लबची चाहती असूनही तिने विरोधकांची बाजू लहान अक्षरात ढकललेली नाही, ही गोष्ट मला या संपूर्ण मांडणीत सर्वाधिक मोलाची वाटली.

क्लबच्या चढाईचा भाग साहजिकच सर्वांत रंगतदार आहे. २००१ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. २००३-०४ च्या हंगामात, तिसऱ्या श्रेणीत असतानाच, त्याने जर्मन चषक स्पर्धेत बुंडेसलिगातील लेव्हरकूझेनला हरवून उपान्त्यपूर्व फेरी गाठली. २००६ मध्ये राल्फ रांगनिक प्रशिक्षक म्हणून आले आणि लागोपाठच्या दोन हंगामांत, २००७ आणि २००८ मध्ये, दोन श्रेणी ओलांडून गाव बुंडेसलिगात दाखल झाले. पहिल्याच हंगामाच्या मध्यावर, डिसेंबर २००८ मध्ये, हॉफेनहाइम गुणतक्त्यात अव्वल होते. वेदाद इबिशेविच या बोस्नियन आघाडीवीराने १७ सामन्यांत १८ गोल केले होते. जानेवारीत त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, संघाची घसरण सुरू झाली आणि हंगामाअखेर सातव्या स्थानावर समाधान मानावे लागले. या दुखापतीचे वर्णन वाचताना खाणावळीतले लोक अजूनही हळहळतात.

येथेच एक गोष्ट फलकात पुरेशी ठसठशीतपणे यायला हवी होती. बुंडेसलिगासाठी गावातले मैदान अपुरे पडल्याने २००८ मध्ये घरचे सामने मानहाइमला खेळावे लागले, आणि जानेवारी २००९ मध्ये झिन्सहाइम येथे ३०,१५० प्रेक्षकांचे नवे मैदान सुरू झाले. याचा अर्थ, संघ मोठा झाला त्या क्षणी पुरुषांचा मोठा सामना गावाबाहेर गेला. मजकुरात नव्या मैदानाचे कौतुक आहे, पण गावच्या दृष्टीने काय बदलले ते सांगितलेले नाही.

२०१३ हे वर्ष दोन फलकांत विभागले आहे. मे महिन्यात श्रेणी गमावण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या हॉफेनहाइमने शेवटच्या दिवशी डॉर्टमुंडच्या मैदानावर पिछाडीवरून दोन पेनल्टींच्या बळावर २-१ असा विजय मिळवला आणि नंतर श्रेणी टिकवण्याच्या निर्णायक लढतीत खालच्या श्रेणीतील कायझर्सलाउटर्नला दोन्ही सामन्यांत हरवून आपले स्थान राखले. दुसरा फलक मात्र येथे येणाऱ्या मच्छीमारांचा विशेष आवडता आहे. १८ ऑक्टोबर २०१३ रोजी लेव्हरकूझेनविरुद्धच्या सामन्यात त्या संघाच्या श्टेफान कीसलिंगने डोक्याने मारलेला चेंडू खांबाच्या बाहेरून गेला, गोलच्या बाजूच्या जाळ्याला पडलेल्या भोकातून आत शिरला आणि पंचांनी गोल दिला. हॉफेनहाइम तो सामना १-२ असा हरले. त्यांनी दाद मागितली, पण पंचांचा निर्णय कायम राहिला आणि सामना पुन्हा खेळवला गेला नाही. जर्मनीत गोलरेषेवर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणावी या मागणीला या प्रसंगाने मोठी धार आली आणि २०१५-१६ च्या हंगामापासून ती यंत्रणा बुंडेसलिगात वापरात आली. फलकावर जाळ्याचा तो कोपरा जवळून दाखवणारे छायाचित्र आहे. कोळंबच्या एका रापणकाराने ते निरखून पाहिले, भोकाच्या कडेचा सुटलेला धागा बोटाने दाखवला आणि सामन्याआधी जाळे कोणी तपासले नाही का, असे मालकांना तीव्र स्वरात विचारले. ज्यांचे पोट जाळ्यावर चालते त्यांना ही हयगय अक्षम्य वाटते आणि त्यांचे म्हणणे मला पटते. दुर्दैवाने हा फलक हात धुण्याच्या बेसिनशेजारी लावला आहे. पाण्याचे शिंतोडे उडून त्याचा खालचा कोपरा फुगला आहे. तो लवकर हलवावा.

प्रशिक्षक युलियान नागेल्समान यांचा फलक थोडक्यात आटोपला आहे, पण त्यात आवश्यक ते सर्व आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी त्यांच्याकडे संघाची सूत्रे आली तेव्हा तो तळापासून दुसऱ्या स्थानावर होता. त्यांनी तो वाचवला, पुढच्या हंगामात चौथ्या आणि त्यानंतरच्या हंगामात तिसऱ्या स्थानी नेला, आणि २०१८-१९ मध्ये हॉफेनहाइम चॅम्पियन्स लीग या युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या गटात मँचेस्टर सिटी, लियों आणि शाख्तार यांच्याशी खेळले. एकही सामना जिंकता आला नाही. मजकुरात हे लपवलेले नाही.

आता सर्वांत मोठ्या उणिवेकडे येते. या संपूर्ण भिंतीवर महिला संघाविषयी एक ओळही नाही. हॉफेनहाइमचा महिला संघ २०१३ पासून सर्वोच्च श्रेणीत खेळत आहे, २०२०-२१ मध्ये तो तिसरा आला आणि पुढच्या हंगामात महिलांच्या चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत उतरला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या संघाचे घरचे मैदान हॉफेनहाइम गावातच, त्या ६,३५० प्रेक्षकांच्या जुन्या मैदानावर आहे. पुरुषांचा संघ झिन्सहाइमला गेल्यानंतर सर्वोच्च दर्जाचा फुटबॉल प्रत्यक्ष गावात टिकला तो या स्त्रियांमुळे. खेड्याच्या क्लबची कहाणी सांगायची आणि खेड्यात खेळणाऱ्यांनाच वगळायचे, हे या भिंतीला शोभत नाही. मी ही गोष्ट मालकांच्या कानावर घातली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, तत्काळ वहीत टिपून ठेवली आणि येत्या गणपतीत मुलगी आली की तो फलक सर्वांत आधी लावू, असे सांगितले. हा शब्द ते पाळतील याची मला खात्री वाटते, कारण भिंतीवरील जुन्या दुरुस्त्या त्यांनी खाडाखोड न लपवता तशाच ठेवलेल्या आहेत.

शनिवारी मागच्या पडवीत मोठ्या पडद्यावर बुंडेसलिगाचा सामना दाखवतात. जर्मनीत शनिवारचे बहुतेक सामने दुपारी साडेतीनला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्री आठला, आणि मार्चअखेर तेथील घड्याळे पुढे सरकली की ऑक्टोबरअखेरपर्यंत संध्याकाळी सातला. समालोचनाचा आवाज बारीक ठेवून मालक स्वतः अधूनमधून माहिती देतात. कोण कोठल्या गावचा, कोणत्या हंगामात कोठून आला, हे त्यांना तोंडपाठ आहे. फुटबॉलशी ओळख नसलेल्या माणसालाही त्यामुळे सामना समजू लागतो. माझ्या शेजारच्या टेबलावर कणकवलीहून आलेले एक कुटुंब होते. त्यांतल्या आजी मध्यंतरापर्यंत ऑफसाइडचा नियम नातवाला समजावून सांगत होत्या. इंटरनेट मात्र भरवशाचे नाही. मी होते त्या दिवशी दुसऱ्या सत्रात चित्र बराच वेळ गोठले आणि एक गोल सर्वांचाच हुकला. मालकांनी कंपनीकडे तक्रार केलेली आहे, परंतु पर्यायी जोडणी घेणे आता टाळू नये, कारण लोक एवढ्या लांबून त्यासाठीच येतात.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. सामन्याच्या संध्याकाळी ताटे मोजकीच करतात, म्हणून दुपारपर्यंत फोन करून माशाची निवड सांगून ठेवावी. पैसे रोख किंवा यूपीआयने देता येतात. चारचाकी लावायला बागेत जागा आहे, पण रस्त्यावरून आत येणारी वाट अरुंद असल्याने मोठी गाडी बाहेरच ठेवलेली बरी. भिंत सावकाश वाचायची असेल तर सामना सुरू होण्याच्या तासभर आधी पोहोचावे. जागा राखताना मागची पडवी मागून घ्यावी, कारण पुढच्या खोलीत बसलेल्यांना जेवण तेच मिळते, पण तेथून पडदाही दिसत नाही आणि भिंतही.